हलेनासा झालेला अक्ष : हौशी सीएनसी राउटरच्या दोषशोधाचा आढावा

कोल्हापुरात मशीन बंद पडलं की मेस्त्रीच्या आधी शेजारी गोळा होतात. उद्यमनगरात दुकान असलेल्या कुणालाही विचारा. एक जण वाकून मशीनला हात लावतो आणि 'जाम झालंय कुठंतरी' म्हणतो. दुसरा खिशातला टेस्टर काढतो, 'लाइट येतीया का बघा की आधी.' तिसरा वयानं लहान असतो. तो संगणकाकडे बोट दाखवतो, 'सेटिंग हललं असणार, दादा.' तिघांनाही स्वतःची खात्री असते आणि प्रत्येकाचं कधी ना कधी खरं ठरलेलं असतं.

हौशी सीएनसी राउटरचा एखादा अक्ष हलेनासा झाला तर शोध कुठून सुरू करावा, यावर जी मतं आहेत ती या तिघांच्या फार पलीकडे जात नाहीत. हातवाले, मीटरवाले आणि सेटिंगवाले. प्रत्येकाचं म्हणणं काय, ते कुठं लागू पडतं, कुठं तोकडं पडतं आणि अजून काय सुटलेलं नाही, याचा हा आढावा आहे. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतल्या मोठ्या मशीनिंग सेंटरांबद्दल इथे बोलायचं नाही. तिथं सर्वो मोटरी असतात, पडद्यावर दोषाचा क्रमांक येतो आणि कंपनीचा इंजिनिअर येतो. आपलं मशीन घराच्या मागच्या खोलीत किंवा छोट्या फर्निचरच्या दुकानात असतं. त्यावर देव्हाऱ्याची जाळी, नावाची पाटी, एमडीएफचा दरवाजा कोरला जातो. ते बंद पडलं की इंजिनिअर आपणच.

हे मशीन आलं कुठून

आकड्यांच्या हुकमावर चालणाऱ्या मशीनचा इतिहास साधारणपणे अमेरिकेतून सांगितला जातो. जॉन पार्सन्स हेलिकॉप्टरच्या पात्यांचं काम करत होता, त्यासाठी वक्राकार साचे अचूक कापायचे होते. त्यातून एमआयटीच्या प्रयोगशाळेत १९५२ मध्ये छिद्रांकित फितीवरून चालणारं मिलिंग मशीन दाखवलं गेलं. पुढची काही दशकं हे तंत्र मोठ्या कारखान्यांतच राहिलं. ते घरात यायला दोन गोष्टी घडाव्या लागल्या. एक, साध्या संगणकावर चालणारी नियंत्रण प्रणाली : अमेरिकेच्या मानक संस्थेच्या कामातून पुढे आलेलं लिनक्स सीएनसी आणि विंडोजवर चालणारं माक-३. दोन, स्वस्त नियंत्रक बोर्ड. सिमेन स्वाले स्कोग्सरूड या नॉर्वेच्या तंत्रज्ञाने २००९ मध्ये ग्रबल हा प्रोग्राम लिहिला आणि तळहाताएवढ्या आर्डुइनोवर तीन अक्ष चालू लागले. २०११ मध्ये शेपोकोसारखी घरी जोडायची मशीनं निघाली. आज ज्याला सगळे '३०१८' म्हणतात ते ३०० बाय १८० मिलिमीटरचं छोटं मशीन याच वंशातलं.

कोल्हापूरला मात्र घरी मशीन बनवण्यासाठी २००९ ची वाट बघावी लागली नव्हती. बाबूराव पेंटरांनी मूकपटाच्या काळात चित्रीकरणाचा कॅमेरा स्वतः बनवला, त्यांचा 'सैरंध्री' १९२० सालचा. कॅमेऱ्यात फिल्म सलग धावत नाही. एक चौकट पुढे सरकते, थांबते, पुन्हा सरकते. आपल्या राउटरची स्टेपर मोटरही याच जातीची : एक पाऊल, क्षणभर थांबा, पुढचं पाऊल. फिल्म अडकली की पेंटरांच्या माणसांनी काय केलं असेल याची कल्पना करायला मला आवडतं. बहुधा झाकण उघडून हात घातला असेल.

स्टेपर मोटरचा एक गुण या सगळ्या वादाच्या मुळाशी आहे. नेहमीच्या मोटरला एका फेऱ्यात २०० पावलं असतात, प्रत्येक पाऊल १.८ अंशाचं. नियंत्रक पल्स पाठवतो, ड्रायव्हर त्या पल्सप्रमाणे दोन कॉइलींतला प्रवाह बदलतो, मोटर पाऊल टाकते. ते पाऊल खरंच पडलं का, हे कुणीही परत येऊन सांगत नाही. पडद्यावरचा आकडा म्हणजे दिलेला हुकूम. अक्ष कुठं आहे हे त्यातून कळत नाही. म्हणून अक्ष मेलेला असतानाही आकडे निवांत पळत राहतात आणि नवख्या माणसाला वाटतं की संगणक बरोबर आहे, म्हणजे मशीनमध्येच खोट आहे. कधी ते खरं असतं, कधी नसतं.

'थांबला' म्हणजे नेमकं काय?

तिन्ही पक्षांतल्या जाणत्यांचं एका गोष्टीवर एकमत आहे. 'अक्ष थांबला' ही तक्रार अपुरी आहे. डॉक्टरला नुसतं 'दुखतंय' सांगितल्यासारखं होतं ते. मला वाटतं, या विषयातलं निम्मं ज्ञान लक्षणं वेगळी करण्यातच आहे, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

पहिली तपासणी : मशीन चालू असताना आणि हुकूम दिलेला असताना मोटरचा शाफ्ट हाताला कसा लागतो? सैल फिरला तर मोटरला प्रवाहच मिळत नाही. मग संशय वीजपुरवठ्यावर, ड्रायव्हरवर किंवा एनेबल नावाच्या सिग्नलवर. शाफ्ट घट्ट आहे, पण मोटर गप्प आहे, तर ड्रायव्हर जिवंत आहे आणि त्याच्यापर्यंत पल्स पोचत नाहीत. इथे एक खड्डा आहे. ग्रबल मूळ सेटिंगनुसार हालचाल संपल्यावर २५ मिलिसेकंदांनी एनेबल काढून घेतो. एनेबलची वायर जोडलेली असेल तर निरोगी मशीनचा शाफ्टही विश्रांतीत सैलच लागणार. त्यामुळे ही चाचणी करण्याआधी डॉलर-१ क्रमांकाची सेटिंग २५५ करावी लागते. मग मोटरी कायम धरून राहतात. हे न करता सैल शाफ्टवरून ड्रायव्हर बदलणारी मंडळी मी पाहिली आहेत. त्यांतला एक मीच.

मोटर जागच्या जागी थरथरते, गुरगुरते, पण फिरत नाही, हे तिसरं लक्षण. त्याचा अर्थ बऱ्याचदा एकच : दोन कॉइलींपैकी एक तुटलेली आहे किंवा चार वायरींची जोडी चुकली आहे. चौथं लक्षण कानाला कळतं. सावकाश चालवलं तर अक्ष नीट जातो, वेग वाढवला की शिट्टीसारखा आवाज करून अडकतो. ही मोटर मेलेली नाही, तिची ताकद कमी पडते आहे. स्टेपरची ताकद वेगाबरोबर घटते, आणि पुरवठ्याचा व्होल्टेज कमी असेल तर आणखी लवकर घटते.

मोटर फिरते आणि अक्ष उभा राहतो, तेव्हा मोटर आणि स्क्रू यांना जोडणारं कपलिंग. अक्ष एकाच दिशेला जातो, उलट हुकूम दिला तरी त्याच दिशेला, तेव्हा दिशेच्या सिग्नलची वायर. वीस मिनिटं छान चालून थांबतो, चहा पिऊन आलो की पुन्हा चालतो, तेव्हा उष्णता : ड्रायव्हरची चिप ठरावीक तापमानापुढे स्वतःला बंद करून घेते. एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या शेडमध्ये, पंखा बंद पडलेल्या कंट्रोल बॉक्समध्ये हा प्रकार हमखास दिसतो. मोटर गरम लागते म्हणून ती बिघडली असा निष्कर्ष मात्र काढू नये. स्टेपर मोटरचं अंग हात ठेववत नाही इतकं तापणं बऱ्याचदा तिच्या मर्यादेतच असतं.

गॅन्ट्रीला, म्हणजे स्पिंडल वाहणाऱ्या आडव्या पुलाला, दोन्ही बाजूंनी दोन मोटरी असतील तर चित्र आणखी फसवं होतं. एक मोटर थांबते, दुसरी ओढत राहते, गॅन्ट्री तिरकी होते आणि रेल्सवर आवळून बसते. दोष विजेचा असतो आणि दिसतो यांत्रिक.

हातवाल्यांचं म्हणणं

यांत्रिक दोष आधी शोधावा, असं मानणाऱ्यांचा युक्तिवाद साधा आहे. वीज बंद करून स्क्रू हाताने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवायला पैसे लागत नाहीत, उपकरण लागत नाही आणि त्यातून काही जळत नाही. फक्त सावकाश फिरवायचा. स्टेपर जोरात फिरवली तर ती डायनॅमोसारखी वीज तयार करते आणि ती ड्रायव्हरमध्ये शिरते. फिरवताना कुठे जड लागतं ते बघायचं. मध्यात हलका आणि टोकाला जड असेल तर नट आणि बेअरिंग एका रेषेत नाहीत. सगळीकडे सारखाच जड असेल तर वंगण वाळलंय किंवा भुसा बसलाय.

कोल्हापूरच्या हवेत या पक्षाला जास्तच बळ मिळतं. जूनपासून चार महिने हवेत ओल असते. एमडीएफची बारीक पूड आणि ग्रीस यांचा लगदा होतो, तो बॉल स्क्रूच्या नटमध्ये शिरतो आणि घट्ट होतो. साध्या स्टीलच्या रॉडवर गंज धरतो. ज्यांनी मशीनचा पाटा एमडीएफचाच केला आहे त्यांचा पाटा फुगतो आणि रेल्सचं माप बदलतं. २०१९ आणि २०२१ च्या महापुरानंतर पाण्यात राहिलेली यंत्रं पुन्हा चालू करताना कित्येकांना हा धडा मिळाला : वरून पुसलेलं बेअरिंग आतून कोरडं झालेलं नसतं.

याच पक्षाचा आवडता आरोपी म्हणजे कपलिंगचा ग्रब स्क्रू. मोटरचा शाफ्ट गोल असतो, काही शाफ्टना एक सपाट बाजू असते. ग्रब स्क्रू सपाट बाजूवर बसला नाही तर थरथरीने सैल होतो आणि शाफ्ट आतल्या आत घसरतो. यावरचा उपाय उद्यमनगरातल्या कुठल्याही फिटरला ठाऊक आहे : शाफ्ट आणि कपलिंग दोन्हींवरून मार्करची एक सरळ रेघ मारायची. काम झाल्यावर रेघ तुटलेली दिसली की चोर सापडला. नागमोडी खाच असलेलं ॲल्युमिनियमचं कपलिंग कधी खाचेतच चिरतं. ती चीर धुळीखाली दिसत नाही, बोटाने पिळून बघावी लागते.

हातवाल्यांची मर्यादा हाताचीच आहे. पाच मिलिमीटर लीडच्या, म्हणजे एका फेऱ्यात अक्ष पाच मिलिमीटर सरकवणाऱ्या, बॉल स्क्रूवर माणसाच्या बोटांना इतका यांत्रिक फायदा मिळतो की मोटरला जड जाणारं घर्षण आपल्याला लोण्यासारखं लागतं. 'हाताने तर छान फिरतोय' यावरून मशीन निर्दोष ठरत नाही. उलटही खरं आहे. हाताला जड लागलं म्हणून तेच कारण असेल असंही नाही. ते मशीन जोडल्या दिवसापासून तितकंच जड असेल.

मीटरवाले, आणि त्यांच्यातले दोन तट

विजेपासून सुरुवात करणाऱ्यांचं म्हणणं असं : लोखंड हळूहळू बिघडतं आणि आधी सूचना देतं. चालता चालता एका क्षणात सगळं शांत झालं तर ते वायरींचं किंवा ड्रायव्हरचंच काम. हा तर्क बराचसा पटण्यासारखा आहे. पण शोधायचं कसं, यावर त्यांच्यातच दुफळी आहे.

एक तट अदलाबदलीचा. वीज बंद करून एक्स आणि वाय या दोन अक्षांच्या मोटरच्या वायरी ड्रायव्हरपाशी एकमेकींत बदलायच्या. मग एक्सचा हुकूम दिला की वायची मोटर हलली पाहिजे. दोष मोटरबरोबर गेला तर मोटर किंवा तिची केबल, दोष जागेवर राहिला तर ड्रायव्हर किंवा त्याच्या मागचा सिग्नल. दुसऱ्या फेरीत, दोष कुठं गेला त्याप्रमाणे, केबल किंवा सिग्नलच्या वायरी बदलायच्या. दोन बदलांत संशयित चारांवरून एकावर येतात. यासाठी ओहमचा नियम पाठ असायला लागत नाही. हौशी माणसासाठी याहून चांगली पद्धत नाही, असं या तटाचं मत आहे.

दुसरा तट म्हणतो, आधी मोजा, मग बदला. त्याची भीती अवाजवी नाही. ड्रायव्हर जळाला असेल तर तो कशाने जळाला? केबलमध्ये दोन वायरी एकमेकींना टेकल्या म्हणून जळाला असेल, तर तीच केबल शेजारच्या चांगल्या ड्रायव्हरला लावून आपण तोही घालवणार. एका दोषाचे दोन होतात. म्हणून आधी मल्टीमीटर : मोटरच्या चार वायरींत दोन जोड्या सापडल्या पाहिजेत, प्रत्येक जोडीचा रोध काही ओहम आणि दोन्हींचा जवळजवळ सारखा, एका जोडीचा दुसरीशी संबंध नको आणि कुठल्याही वायरीचा मोटरच्या अंगाशी संबंध नको. मीटर नसेल तर जुनी युक्ती आहे. मोटर ड्रायव्हरपासून पूर्ण सोडवायची आणि दोन वायरी एकमेकींना टेकवून शाफ्ट फिरवायचा. तो जड झाला तर त्या एकाच कॉइलच्या. हे मोजमाप पाच मिनिटांचं आहे, आणि ते निर्मळ निघालं तर अदलाबदल बिनधास्त करता येते. माझ्या मते हा वाद इथेच मिटायला हवा : दोन्ही करावं, मोजमाप आधी.

पण मीटरही फसवतो, आणि हे मी तीन दिवस खर्चून शिकलो. माझ्या मशीनचा वाय अक्ष एका विशिष्ट जागेच्या पुढे गेला की गुरगुरून थांबायचा. मीटरवर कॉइली अगदी सारख्या. मोटर बदलली, ड्रायव्हर बदलला, स्क्रू काढून रॉकेलने धुतला. शेवटी शेजारच्या लेथवाल्या काकांनी मीटरच्या काड्या मला धरायला लावल्या आणि केबल चेनमधली वायर स्वतः हाताने वाकवत नेली. एका वळणावर आकडा पळाला. रबराचं आवरण धड होतं, आतली तांब्याची तार तुटून नुसती टोकाला टोक लावून बसली होती. चेन सरळ असताना ती जोडलेली, वळली की तुटलेली. मीटर स्थिर वायरीचं सत्य सांगतो, आणि वायर काम करते ती हलताना.

पल्सच्या बाबतीत मीटर आणखी तोकडा आहे. दिशेचा सिग्नल स्थिर असतो, म्हणून तो मीटरवर शून्य किंवा पाच व्होल्ट असा स्पष्ट दिसतो. पावलांच्या पल्स इतक्या वेगाने येतात की मीटर त्यांची काहीतरी सरासरी दाखवतो. त्यासाठी ऑसिलोस्कोप किंवा स्वस्तातला लॉजिक ॲनालायझर लागतो. शिवाय काही नवे बोर्ड ३.३ व्होल्टवर चालतात आणि ड्रायव्हरचं प्रवेशद्वार पाच व्होल्टची अपेक्षा ठेवतं. अशी जोडी कधी चालते, कधी चालत नाही. आणि 'कधी चालते' हाच सगळ्यांत वाईट प्रकार.

सेटिंगवाल्यांची बाजू

तिसऱ्या पक्षाला जुने मेस्त्री हसतात, पण त्याचा मुद्दा वजनदार आहे. पडदा आधी वाचा, असं तो म्हणतो. ग्रबल अलार्म अवस्थेत असेल तर तो एकही पल्स सोडत नाही आणि मोटर पूर्ण निरोगी असते. अलार्म १ म्हणजे लिमिट स्विच दबला, अलार्म २ म्हणजे हुकूम सॉफ्ट लिमिटच्या बाहेरचा, एरर ९ म्हणजे कुलूप लागलंय आणि ते डॉलर-एक्स देऊन उघडावं लागेल. हे न वाचता कपलिंग खोलणं म्हणजे घराला कुलूप असताना बिजागऱ्या तपासणं.

दुसरा मुद्दा गणिताचा. पाच मिलिमीटर लीडचा स्क्रू, २०० पावलांची मोटर, ड्रायव्हरवर १६ मायक्रोस्टेप, म्हणजे एका पावलाचे १६ भाग : एक मिलिमीटरला ६४० पल्स. मिनिटाला ३००० मिलिमीटर वेग मागितला तर सेकंदाला ५० मिलिमीटर, म्हणजे ३२,००० पल्स. आर्डुइनो उनोवरचा ग्रबल सेकंदाला सुमारे ३०,००० पल्सपर्यंतच नीट चालतो. म्हणजे इथे मशीन धडधाकट असूनही मागणीच अशक्य आहे. मायक्रोस्टेप ८ वर आणले की तोच वेग १६,००० पल्समध्ये मिळतो. प्रवेगाचंही असंच. जड गॅन्ट्रीला हलक्या मशीनचे आकडे दिले की ती सुरुवातीलाच अडखळते.

जुन्या मशीनांवर पॅरलल पोर्टचा माक-३ अजून भेटतो. त्याचा पॅरलल पोर्टचा भाग ६४-बिट विंडोजवर चालत नाही. संगणक बदलला आणि अक्ष मेला, यामागे कित्येकदा एवढंच असतं. लॅपटॉप वीज वाचवण्यासाठी यूएसबी झोपवतो, हाही त्यातलाच प्रकार.

या पक्षाविरुद्धचा आक्षेप असा की सेटिंग आपणहून हलत नाही. काल चालत होतं, कुणी काही बदललं नाही, तर आज आकड्यांत शोधण्यात अर्थ काय? उत्तर असं की 'कुणी काही बदललं नाही' हे विधान फार तपासून घ्यावं लागतं. धाकट्या भावाने काल रात्री नवा फर्मवेअर टाकलेला असतो. तरी एकंदरीत माझा कल असा आहे : मशीन नुकतंच जोडलेलं असेल तर सेटिंगवाल्यांचं आधी ऐकावं आणि वायरींची जोडणी तपासावी, दोन पावसाळे काढलेलं मशीन असेल तर केबल, कपलिंग आणि स्क्रू यांच्याकडे आधी बघावं. दोषाचं वय आणि मशीनचं वय यांचा संबंध असतो.

नॉइज

अक्ष मध्येच थांबतो, अलार्म १ येतो, आणि लिमिट स्विचला कुणी शिवलेलंही नसतं. स्पिंडल बंद ठेवून तोच प्रोग्राम हवेत चालवला की सुरळीत. असं असेल तर स्पिंडलचा वेग बदलणाऱ्या व्हीएफडीतून उठणारा नॉइज लिमिटच्या वायरीत शिरतो आहे. नॉर्मली क्लोज्ड स्विच, ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, मोटरच्या आणि सिग्नलच्या वायरी वेगळ्या वाटेने नेणं, नीट अर्थिंग, हे उपाय सर्वमान्य आहेत. शील्ड एका टोकाला अर्थ करावी की दोन्ही, यावर मात्र मतं आहेत. सिग्नलच्या वायरीसाठी बहुतेक हौशी लोक एक टोक म्हणतात. व्हीएफडी बनवणारे आपल्या मोटर केबलसाठी सहसा दोन्ही टोकं सांगतात. दोघं वेगवेगळ्या वायरींबद्दल बोलत आहेत हे लक्षात घेतलं तर निम्मा वाद विरतो.

क्लोज्ड लूप हा तोडगा आहे का?

गेल्या काही वर्षांत या चर्चेचा सूरच बदलला, कारण एनकोडर बसवलेल्या स्टेपर मोटरी हौशी माणसाच्या आवाक्यात आल्या. यात पाऊल पडलं की नाही हे ड्रायव्हरला कळतं. मोटर मागे पडली तर तो जोर वाढवतो, फारच मागे पडली तर अलार्म देऊन थांबतो. समर्थक म्हणतात, दोषशोधाचा मूळ प्रश्नच यामुळे सुटतो : पडद्यावरचा आकडा आणि अक्षाची जागा यांत फरक पडला तर मशीन स्वतः सांगतं.

विरोधकांचं म्हणणं, हे थर्मामीटर आहे, औषध नाही. स्क्रूत लगदा असेल तर क्लोज्ड लूप मोटर काही दिवस जास्त जोर लावून तो झाकते, आणि एक दिवस अलार्म देते. एनकोडरची केबल ही चेनमध्ये तुटायला आणखी एक वस्तू. आणि एक व्यावहारिक गोष्ट फार जण विसरतात : ड्रायव्हरचा अलार्म नियंत्रकाला जोडलेला नसेल तर मेलेला अक्ष थांबतो, बाकीचे दोन चालूच राहतात, आणि काम आधीसारखंच वाया जातं. कपलिंगच्या घसरण्याबद्दलही एनकोडर मुका आहे, कारण तो मोटरच्या मागे बसलेला असतो, कपलिंगच्या पुढे नाही. दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर आहेत. मोठ्या गॅन्ट्रीसाठी मी क्लोज्ड लूप घेईन. ३०१८ साठी घेणार नाही.

मायक्रोस्टेपवरचा वाद जुना आहे आणि त्यात गैरसमज जास्त आहे. 'मायक्रोस्टेप वाढवले की ताकद जाते' हे अर्धसत्य आहे. १६ भागांच्या मायक्रोस्टेपमध्ये एका सूक्ष्म पावलाला मिळणारा जोर पूर्ण ताकदीच्या दहा टक्क्यांच्या आसपास असतो, हे खरं. पण म्हणून मोटर दहा टक्के ताकदीची होत नाही. घर्षण जास्त असेल तर ती काही सूक्ष्म पावलं साठवते आणि मग एकदम सरकते. अक्ष त्यामुळे मरत नाही, अचूकता मरते.

जे अजून सुटलेलं नाही

पहिली अडचण अधूनमधून येणाऱ्या दोषाची. महिन्यातून एकदा थांबणाऱ्या अक्षावर कुठल्याच पक्षाकडे खात्रीची पद्धत नाही. दाखवायला कुणाला बोलावलं की तो नेमका थांबत नाही. काही जण केबल, कपलिंग आणि ड्रायव्हर एकदमच बदलून मोकळे होतात. काही जण त्याला अज्ञानाची कबुली म्हणतात. ज्याचं पोट त्या मशीनवर आहे त्याला मी पहिल्या मार्गाबद्दल दोष देणार नाही.

दुसरी अडचण लेबलांची. 'टीबी ६६००' या नावाने विकल्या जाणाऱ्या ड्रायव्हरच्या पेट्यांत आत वेगळीच चिप निघते. प्रवाहाचे आकडे कुणी शिखराचे छापतं, कुणी आरएमएसचे. दोन्हींत सुमारे १.४ पटींचा फरक असतो. मोटरवर तीन अँपियर लिहिलं असेल तर ड्रायव्हरचा स्विच तीनवर ठेवावा की चारच्या पुढे, यावर अनुभवी माणसंही दोन उत्तरं देतात. पेटीवर काय छापलंय यावर विसंबून केलेला दोषशोध मग सुरुवातीपासूनच तिरका जातो. कमी प्रवाहावर ठेवलेली मोटर अडकते, जास्त प्रवाहावर ठेवलेला ड्रायव्हर तापून झोपतो, आणि लक्षण दोन्हींचं एकच : अक्ष थांबला.

तिसरा प्रश्न दुरुस्तीचा. जळालेल्या ड्रायव्हरमधली चिप बदलता येते, आणि मोटर रिवाइंडिंगपासून टीव्हीपर्यंत सगळं दुरुस्त करणाऱ्या या गावात ते करणारी माणसं मिळतात. पण नवा ड्रायव्हर इतका स्वस्त झाला आहे की दुरुस्तीची मजुरी त्याच्या जवळ जाते. फेकून नवा लावला की अक्ष चालू होतो आणि जुना का जळाला हे कधीच कळत नाही. मेस्त्री परंपरेचं बळ 'का' विचारण्यात होतं. ते बळ या बाजारभावापुढे टिकेल का, याचं उत्तर माझ्याकडे नाही.

एक गोष्ट मात्र वादापलीकडची आहे आणि ती तिन्ही शेजारी एका सुरात सांगतील. मशीन चालू असताना मोटरची वायर ड्रायव्हरमधून कधीही ओढू नका. त्या क्षणी ड्रायव्हर जाऊ शकतो, मग आधी काय बिघडलं होतं ते शोधायला काही उरत नाही. मुख्य स्विच बंद करा, ड्रायव्हरवरचा छोटा दिवा पूर्ण विझेपर्यंत थांबा, आणि मगच स्क्रू-ड्रायव्हर हातात घ्या.